जपानी तलवारीची धातूने मढवलेली मूठ



इतिहासाच्या पुस्तकात आपण भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन प्रकारची साधने शिकतो. हा पाठ शिकवताना मी दरवर्षी मुलांना एक काम देते. घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधा, तिचा फोटो काढून आणा आणि ती घरात कशी आली ते मोठ्यांना विचारा. बहुतेक मुलं जातं, पितळी डबा, जुनी नाणी असं काहीतरी आणतात. एका वर्षी मात्र एका मुलाने मोबाईलमध्ये चक्क तलवारीचा फोटो आणला.

"बाई, ही जपानची तलवार आहे. माझे पणजोबा मिलिटरीत होते, त्यांनी ब्रह्मदेशातून आणली. आणि मूठ सोन्याची आहे!"

फोटोत मूठ खरोखर चकचकीत दिसत होती, तांबूस पिवळी. मी विचारलं, "सोन्याची आहे हे कोणी सांगितलं?" तर म्हणाला, "आधी ती काळपट तपकिरी होती. आजीने चिंच लावून घासली तेव्हा आतून सोनं निघालं. आता एक माणूस विकत मागतोय."

मला तेव्हा जपानी तलवारीबद्दल काहीच माहिती नव्हती. पण घाईने विकू नका एवढं सांगून मी वाचायला बसले. जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते. त्या मुलाच्या फोटोचं काय झालं ते शेवटी सांगते.

मूठ आतून कशी असते?

आधी नेहमीची जपानी मूठ समजून घेऊ. जपानी भाषेत मुठीला 'त्सुका' म्हणतात. तलवारीच्या पात्याचा मागचा, धार नसलेला भाग मुठीच्या आत जातो. त्याला 'नाकागो' म्हणतात. बनवणारा लोहार बहुतेक वेळा आपलं नाव याच भागावर कोरतो. म्हणजे मूठ काढल्याशिवाय तलवारीची सही दिसत नाही.

मूठ बनते अशी :

१) 'हो' नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाचे दोन अर्धे तुकडे आतून कोरतात आणि भाताच्या खळीने चिकटवतात.
२) त्यावर पाकट माशाची खरखरीत कातडी लावतात. कोकणातल्या मुलांना पाकट माहीत असेलच. या कातडीवर पांढरे कडक दाणे असतात, त्यामुळे वर गुंडाळलेली दोरी सरकत नाही.
३) कातडीवर रेशमाची किंवा सुताची चपटी दोरी गुंडाळतात. दोरीचे वेढे एकमेकांना छेद देतात आणि मधे शंकरपाळ्यासारख्या खिडक्या राहतात.
४) दोरीखाली दोन्ही बाजूंना धातूची एकेक छोटी नक्षी बसवतात, ती 'मेनुकी'. मुठीच्या पुढच्या टोकाला धातूचं कडं, ते 'फुची'. मागच्या टोकाला टोपी, ती 'काशिरा'.
५) शेवटी मूठ आणि नाकागो यांच्या आरपार बांबूची एक छोटी खुंटी ठोकतात. तिचं नाव 'मेकुगी'.

आपल्याकडची तलवार आणि ही तलवार यांत इथे मोठा फरक आहे. आपल्या जुन्या तलवारीची मूठ बहुधा पूर्ण लोखंडी किंवा पोलादी असते आणि पात्याचा मागचा भाग तिच्यात लाख किंवा राळ तापवून ओतून घट्ट बसवलेला असतो. जपानी तलवारीची खुंटी काढली की मूठ, परज, कडं सगळं सुटं होतं. त्यामुळे एकाच पात्याला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी मूठ बसवता यायची. पातं पाचशे वर्षांचं आणि मूठ शंभर वर्षांची असंही सापडतं. जुनी जपानी तलवार पाहताना पात्याचं वय आणि मुठीचं वय असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

मग धातूने का मढवायचं?

आता तुम्ही म्हणाल, लाकूड, कातडी आणि दोरी एवढं चांगलं काम करत असेल तर मूठ धातूने मढवायची गरज काय?

तुम्हीच विचार करा. हाताला घाम आलाय, पाऊस पडतोय, अशा वेळी गुळगुळीत धातूची मूठ धरली तर ती घसरणार. थंडीत ती बर्फासारखी गार लागणार. शिवाय वजन वाढणार. म्हणून रोजच्या लढाईसाठी दोरीची मूठच सोयीची. पण तलवार नेहमी लढण्यासाठीच असते असं नाही. देवाला अर्पण करायची, दरबारात मिरवायची, राजाच्या थडग्यात ठेवायची तलवार वेगळी. तिथे मूठ लांबून दिसली पाहिजे आणि ती कोणाची आहे हे सांगितलं पाहिजे. हे काम सोनं, चांदी आणि तांबं चांगलं करतात.

म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवता येईल. संपूर्ण धातूने मढवलेली जुनी जपानी मूठ दिसली तर आधी मान, पूजा आणि अधिकार यांचा विचार करायचा, लढाईचा नंतर. या नियमाला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

थडग्यातल्या मुठी

जपानच्या इतिहासात साधारण तिसऱ्या ते सातव्या शतकाच्या काळाला कोफुन काळ म्हणतात. कोफुन म्हणजे मातीचा मोठा उंचवटा करून बांधलेलं थडगं. सरदार, राजे यांच्याबरोबर या थडग्यांत दागिने, घोड्याचं सामान आणि तलवारी ठेवत. तेव्हाची पाती सरळ होती. बाकदार जपानी तलवार पुष्कळ नंतरची.

या तलवारींच्या लाकडी मुठींवर तांब्याचा किंवा काशाचा पातळ पत्रा ठोकून बसवत आणि त्याला सोन्याचा मुलामा देत. काही मुठींवर चांदीची तार गुंडाळलेली सापडते. मुठीच्या टोकाचे आकारही ठरलेले होते. एका प्रकारात टोकाला गोल कडी असते आणि कधी कधी त्या कडीच्या आत ड्रॅगनचं किंवा पक्ष्याचं डोकं असतं. ही पद्धत चीन आणि कोरियाकडून आली. दुसऱ्या प्रकारात टोक कांद्यासारखं फुगीर असतं. तो प्रकार जपानमध्येच वाढला.

नारा प्रांतात इकारुगा इथे फुजिनोकी नावाचं सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं थडगं आहे. १९८८ साली त्यातली दगडी शवपेटी उघडली तेव्हा आत दोन माणसांचे अवशेष, मुलामा दिलेला मुकुट, पादत्राणं आणि सजवलेल्या तलवारी मिळाल्या. हजार-चौदाशे वर्षांत लाकूड कुजतं, दोरी नाहीशी होते, लोखंड गंजतं, पण सोन्याचा मुलामा गंजत नाही. म्हणून त्या काळच्या मुठीचा आकार आज आपल्याला कळतो, तो बराचसा वरच्या पातळ पत्र्यामुळे.

अशा प्राचीन पद्धतीच्या तलवारी आजही बनतात, हे वाचून मला नवल वाटलं. इसे इथल्या शिंतो देवस्थानात दर २० वर्षांनी मंदिर नव्याने बांधतात आणि देवाच्या वस्तूही नव्या करतात. त्यांत तलवारीही असतात. मागची वेळ २०१३ ची. त्यांपैकी एका तलवारीच्या मुठीवर तोकी नावाच्या पक्ष्याची पिसं लाल रेशमी धाग्याने बांधतात. हा पक्षी जपानमधून जवळजवळ नाहीसाच झाला होता आणि मग चीनमधून आणलेल्या जोड्यांपासून पुन्हा वाढवला गेला. एका मुठीची परंपरा टिकवायची तर एक पक्षीही टिकावा लागतो!

चिमट्याची मूठ

हेइआन काळात, म्हणजे ७९४ ते ११८५ च्या दरम्यान, एक वेगळीच मूठ दिसते. तिचं नाव 'केनुकीगाता'. केनुकी म्हणजे केस उपटायचा चिमटा. हिच्यात लाकूड नसतंच. पातं आणि मूठ एकाच लोखंडाची असते आणि मुठीच्या मधोमध चिमट्यासारखी लांबट फट असते. वार केल्यावर हाताला बसणारा हिसका या फटीमुळे कमी होत असावा असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या नियमाचा हा पहिला अपवाद. धातूची मूठ, पण कामाची.

पुढे हाच आकार शोभेसाठी वापरला जाऊ लागला. नारा इथल्या कासुगा देवस्थानात बाराव्या शतकातली अशी एक तलवार आहे. जपान सरकारने तिला 'राष्ट्रीय ठेवा' हा दर्जा दिला आहे. तिचं म्यान सोनेरी असून त्यावर शिंपल्याच्या तुकड्यांनी चित्र काढलंय. बांबूच्या बनात मांजर चिमण्यांच्या मागे लागलंय असं ते चित्र आहे. धातूच्या भागांची तपासणी केल्यावर ते अतिशय शुद्ध सोन्याचे आहेत असं आढळलं. शुद्ध सोनं किती मऊ असतं हे तुम्हाला माहीतच आहे. अशी मूठ घेऊन कोणी लढाईला जाणार नाही. ती देवासाठीच होती.

जळवेसारखी पट्टी

दुसरा अपवाद मला सर्वांत जास्त आवडला. 'हिरुमाकी' या प्रकारात धातूची चपटी पट्टी मुठीवर आणि म्यानावर तिरकी गुंडाळत नेतात. हिरु म्हणजे जळू. जळू अंगाला वेढा घालून चिकटते तशी ही पट्टी लाकडाला चिकटलेली दिसते, म्हणून हे नाव. भाल्यासारख्या लांब दांड्यांच्या शस्त्रांनाही अशी पट्टी लावत. तिचा उपयोग सरळ आहे, लाकूड तडकू नये. आपल्याकडे काठीला लोखंडी कडी बसवतात त्यातलाच हा विचार. पण चांदीची आणि तांब्याची पट्टी वापरली की तीच सोय शोभेची होते. वाकायामा भागातल्या निउत्सुहिमे देवस्थानाची अशी हेइआन काळातली एक तलवार राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहे.

पुढे सोळाव्या शतकात तोयोतोमी हिदेयोशी या बलाढ्य सत्ताधीशाकडे असल्याचं सांगितलं जाणारं तलवारींचं एक जोडपं तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या लालभडक म्यानांवर सोन्याची पट्टी अशीच तिरकी फिरत गेलेली आहे. तोपर्यंत पट्टीचं काम मजबुतीचं राहिलं नव्हतं, ती फक्त नजरेत भरण्यासाठी होती.

कामाकुरा काळात (११८५ ते १३३३) साखळीने कमरेला लटकवायच्या तलवारी निघाल्या. त्यांचं म्यान आणि मूठ यांना कडेने धातूची लांब पट्टी मारून वर मुलामा दिलेले पत्रे लावत. 'उएसुगी तलवार' म्हणून ओळखली जाणारी या प्रकारची तलवार तोक्योच्या त्याच संग्रहालयात आहे. तिच्यावर पक्ष्यांच्या थव्याची नक्षी आहे. सुरुवातीला योद्धे अशा तलवारी बांधत, नंतर त्या देवळांना अर्पण करायच्या झाल्या.

सोनं आत असतं, रंग काळा!

आता धातूकडे वळू. मुलामा देण्याची जुनी पद्धत अशी. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो तांब्यावर फासायचा आणि तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. नारा इथल्या भव्य बुद्धमूर्तीला आठव्या शतकात असाच मुलामा दिला होता. पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे हे काम करणाऱ्यांची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको.

पण जपानी कारीगरांची खरी कमाल वेगळीच आहे. 'शाकुदो' नावाच्या मिश्रधातूत तांब्यात थोडं सोनं घालतात, साधारण शंभरात तीन ते पाच भाग. वस्तू तयार झाली की ती एका खास द्रावणात उकळतात. मग तिचा रंग होतो निळसर काळा, जांभळासारखा! दुसरा मिश्रधातू 'शिबुइची'. या शब्दाचा अर्थच 'चारांत एक' असा आहे, म्हणजे तीन भाग तांबं आणि एक भाग चांदी. त्याचा रंग येतो राखाडी. या काळ्या-राखाडी जमिनीवर सोन्याचं फूल बसवलं की ते किती उठून दिसत असेल!

मुठीच्या कड्यावर 'नानाको' नावाचं काम दिसतं. माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे, एकेक ठशाने ठोकलेले, अगदी ओळीत. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम करतात ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. हातोडीचा प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडला पाहिजे. नानाकोत तोच नेम लागतो, फक्त दाणा मोहरीपेक्षाही बारीक.

या कामात गोतो घराणं सर्वांत नावाजलेलं. त्याचा मूळ पुरुष गोतो युजो (१४४० ते १५१२) हा आशिकागा योशिमासा या शोगुनच्या पदरी होता. पुढे सतरा पिढ्या हे घराणं हेच काम करत राहिलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शाकुदोचा काळा रंग म्हणजे मळ नाही. तो मुद्दाम आणलेला, अत्यंत पातळ थर आहे. चिंच, लिंबू, राख किंवा बाजारातली पावडर लावून घासलं की तो जातो. खाली राहतं तांबूस तांबं. घरात कोणाला तरी वाटतं, "बघा, कसं चकचकीत झालं!" आणि कारीगराने केलेलं काम तेवढ्यात संपतं.

१८७६ चा हुकूम

मार्च १८७६ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने हुकूम काढला की सैनिक, पोलीस आणि खास समारंभ सोडून कोणीही तलवार बांधायची नाही. सामुराईंचा मान गेला, आणि त्याबरोबर मुठी, कडी, परज बनवणाऱ्या शेकडो कारीगरांचं पोटही गेलं. काहींनी काम सोडलं. काहींनी तेच हात फुलदाण्या, डबे आणि दागिने यांकडे वळवले. हा माल युरोप-अमेरिकेत विकला जाऊ लागला. कानो नात्सुओ (१८२८ ते १८९८) हा तलवारीचं सामान घडवणारा मोठा कारीगर. त्याच्याकडे जपानच्या नव्या नाण्यांची नक्षी करण्याचं काम आलं होतं. पुढे तो तोक्योच्या कलाशाळेत शिकवू लागला.

साच्यातली मूठ

नव्या सैन्याने आधी युरोपियन धर्तीच्या तलवारी घेतल्या. १९३० नंतर मात्र जुन्या सामुराई थाटाच्या तलवारी पुन्हा सुरू झाल्या. १९३४ पासून अधिकाऱ्यांच्या तलवारीला कातडी आणि दोरीची खरी मूठ असे. काही अधिकारी तिच्यात आपल्या घराण्याचं जुनं पातंही बसवत. १९३५ साली हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी स्वस्त तलवार निघाली. तिची मूठ धातूची होती, आधी तांब्याची आणि पुढे ॲल्युमिनियमची. गंमत अशी की ती साच्यात ओतताना तिच्यावर दोरीचे वेढे आणि कातडीचे दाणे यांचे ठसे उठवलेले होते, आणि वरून दोरीसारखा रंग दिलेला होता. बांबूच्या खुंटीऐवजी स्क्रू होता. पातं यंत्रावर बनवलेलं आणि त्यावर क्रमांक ठोकलेला.

विचार करा, हजार वर्षांपूर्वी लाकडाच्या मुठीवर धातू चढवून तिला राजाची करत होते. आता धातूची मूठ रंगवून तिला दोरीची भासवत होते.

आता तो फोटो

हे सगळं वाचल्यावर मी त्या मुलाला तीन गोष्टी बघून यायला सांगितलं. मुठीवर दोरी खरी आहे की ओतलेली? मुठीला खुंटी आहे की स्क्रू? पात्यावर आकडे आहेत का? पात्याला हात लावायचा नाही, मोठ्यांनीच बघायचं, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोरी ओतलेली, स्क्रू आहे, आकडे आहेत.

म्हणजे सोनं नव्हतं. आजीने चिंचेने काढलेला काळपट तपकिरी थर म्हणजे मूळचा रंग होता आणि आत तांबं होतं. खरं सांगायचं तर हे त्या मुलाला सांगताना मला वाईट वाटलं. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे बाई, ती खोटी आहे?"

मी म्हटलं, "खोटी नाही रे. सोन्याची नाही, एवढंच."

मग आम्ही वर्गात नकाशा काढला. १९४४ साली जपानी फौज ब्रह्मदेशातून मणिपूरमध्ये शिरली. तिथे सांगशाक या डोंगरावरच्या गावात तिला अडवणाऱ्यांत मराठा लाईट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. त्याचे पणजोबा कोणत्या पलटणीत होते हे घरात कोणाला नक्की माहीत नव्हतं. पण महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गेलेली माणसं त्या लढाईत होती आणि समोरच्या जपानी हवालदारांच्या कमरेला साच्यात ओतलेल्या मुठीच्या तलवारी होत्या, हे नक्की. ती तलवार कोणा राजाची नव्हती. ती आपल्या पणजोबांसारख्याच एका साध्या सैनिकाची होती, जो बहुधा घरी परतला नाही. हे बोलल्यावर वर्ग थोडा वेळ शांत झाला.

काही दिवसांनी आजी स्वतः शाळेत आल्या. म्हणाल्या, "बाई, मी घासायला नको होतं का ओ?" मी म्हटलं, "आता झालं ते झालं. यापुढे कोरड्या कापडाने नुसतं पुसा." तलवार विकायची नाही असं घरात ठरलं. ती ठेवण्याबाबत कायद्याने काय करावं लागतं ते विचारायला मुलाचे वडील पोलीस ठाण्यात जाऊन आले. आणि त्या मुलाने एका कागदावर तलवारीची सगळी माहिती लिहून काढली. शेवटची ओळ होती : 'मूठ तांब्याची आहे. वरचा रंग आजीने काढला.' तीही आता त्या मुठीच्या इतिहासाचाच भाग आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

• नेहमीची जपानी मूठ : लाकूड, पाकटाची कातडी, दोरी आणि बांबूची खुंटी.
• धातूने मढवलेली जुनी मूठ : बहुधा थडगं, देवस्थान किंवा दरबार यांच्यासाठी.
• अपवाद : चिमट्याची मूठ आणि जळवेसारखी पट्टी. यांची सुरुवात उपयोगातून झाली.
• काळा रंग म्हणजे मळ असं धरून चालू नका.

करून पहा

१) घरातल्या एका जुन्या धातूच्या वस्तूला चुंबक लावून पहा. चिकटलं नाही तर ती लोखंडाची नाही एवढंच कळतं. ती सोन्याची आहे असं त्यावरून म्हणता येईल का? का नाही?
२) विळी, कोयता, पहार यांच्या मुठी पहा. कोणती मूठ लाकडाची, कोणती धातूची? तशी का असेल ते दोन वाक्यांत लिहा.
३) घरातली जुनी वस्तू कोणी घासायला घेतली, तर आधी तिचा एक फोटो काढून ठेवा.